सोडतीत आलेली खुर्ची

भोपाळच्या महापौरांची २००० सालापासूनची यादी एकाखाली एक लिहून काढावी. विभा पटेल, सुनील सूद, कृष्णा गौर, आलोक शर्मा, मालती राय. बाई, पुरुष, बाई, पुरुष, बाई. शाळेच्या प्रार्थनेला मुलामुलींना आलटून पालटून उभं करावं तशी ही रांग दिसते. भोपाळच्या मतदाराला दर पाच वर्षांनी चव बदलावीशी वाटते, असं काही नाही. जागा महिलेसाठी राखीव निघाली की बाई येते, राखीव नसली की पुरुष येतो. २०२२ साली ही जागा ओबीसी महिलेसाठी होती. तेव्हा भाजपच्या मालती राय यांनी काँग्रेसच्या विभा पटेल यांना हरवलं. याच विभा पटेल २००० साली महापौर झाल्या होत्या. मधल्या काळात त्या काही घरी बसल्या नव्हत्या, राजकारणातच होत्या. महापौरपदाच्या लढतीत मात्र पुन्हा दिसल्या त्या बावीस वर्षांनी, जागा परत बायकांकडे आली तेव्हा.

स्थानिक कारभारातल्या बायकांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: कारभार बाई चालवते की तिचा नवरा? प्रश्न खोटा नाही, त्याकडे येऊच. पण माझ्या मते त्याहून मोठं नुकसान सोडतीतल्या चिठ्ठीने होतं आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

भोपाळमध्ये महिला दिनाचं भाषण सुरू झालं की पहिल्या दोन वाक्यांत बेगमांचं नाव येतं. ते साहजिकच आहे. १८१९ पासून १९२६ पर्यंत कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतानजहान या चार बेगमांच्या हाती या संस्थानाचा कारभार होता. मध्ये काही वर्षं खंड पडला, पण एकामागून एक आईकडून मुलीकडे गादी जात राहिली, अशी उदाहरणं जगात फार थोडी. सिकंदर बेगमेने महसुलाची घडी बसवली, संस्थानाचे जिल्हे आणि परगणे नीट आखले. सुलतानजहान बेगम अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. भोपाळने पुढे लोकसभेतही बाई पाठवली; मैमूना सुलतान १९५७ आणि १९६२ मध्ये इथून निवडून आल्या. हे सगळं खरं असलं तरी त्यामुळे बैरसियाकडच्या एखाद्या खेड्यातल्या बाईला गावच्या बैठकीत ओट्यावर बसायला मिळालं नाही. तिच्यासाठी जागा ओट्याखालीच, पदर पुढे ओढून. गादी वारशाने मिळते आणि वारसा एकाच घरात फिरतो. गावात बाईला बसायला जागा मिळाली ती कायद्याने, शेवटच्या बेगमेनंतर जवळजवळ सात दशकांनी.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. पंचायतीतल्या निदान एक तृतीयांश जागा बायकांसाठी ठेवायच्या, अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही तेच प्रमाण पाळायचं आणि सरपंच-अध्यक्षपदांनाही तोच नियम लावायचा, हे तिने सांगितलं. शहरांसाठी ७४ वी दुरुस्ती त्याच वर्षी १ जूनला आली. मध्य प्रदेशाने घाई केली आणि ती चांगली केली. राज्याचा नवा पंचायत कायदा जानेवारी १९९४ मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात निवडणुका झाल्या. नव्या तरतुदींनुसार निवडणुका घेणारं देशातलं हे पहिलं राज्य. मुख्यमंत्री होते दिग्विजय सिंह. पुढे २००७ मध्ये पंचायतींतलं महिलांचं आरक्षण एक तृतीयांशावरून निम्म्यावर नेलं गेलं.

महाराष्ट्राला हे सगळं अगदी नवं नव्हतं. आपल्याकडे १९९० मध्येच स्थानिक संस्थांत बायकांसाठी ३० टक्के जागा ठेवल्या होत्या. त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यासारख्या गावांत सगळ्या बायकांचं पॅनेल उभं करून निवडून आणलं होतं. आरक्षणाशिवाय, चळवळीच्या जोरावर. मध्य प्रदेशाच्या बऱ्याच भागात अशी चळवळ मागे नव्हती. तिथे आधी खुर्ची आली, तिच्यावर बसणारी नंतर शोधावी लागली. हा फरक ध्यानात ठेवला तर पुढचं बरंच काही उलगडतं.

भोपाळ जिल्ह्याला दोनच जनपद पंचायती आहेत, फंदा आणि बैरसिया. जनपद म्हणजे आपली पंचायत समिती. ग्रामसेवकाला तिकडे सचिव म्हणतात, नगरसेविकेला पार्षद. मतदानाच्या दिवशी खेड्यातल्या मतदाराच्या हातात चार रंगांच्या मतपत्रिका येतात: पंचासाठी पांढरी, सरपंचासाठी निळी, जनपद सदस्यासाठी पिवळी, जिल्हा पंचायतीसाठी गुलाबी. पक्षाचं चिन्ह कुठेच नसतं. सरपंच थेट गावातून निवडला जातो. कागदावर पाहिलं तर बाईला याहून सोपा दरवाजा सापडायचा नाही.

आणि तरी ऑगस्ट २०२२ मध्ये काय घडलं पाहा. नव्या पंचायतींचे शपथविधी चालू होते. सागर आणि दमोह जिल्ह्यांतल्या काही गावांत निवडून आल्या होत्या बायका आणि शपथ घेतली त्यांच्या नवऱ्यांनी, कुठे दुसऱ्या नातेवाइकांनी. कोणी मोबाइलवर चित्रीकरण केलं म्हणून ते बाहेर आलं आणि पंचायत सचिव निलंबित झाले. २०२५ च्या सुरुवातीला नीमच जिल्ह्यातल्या एका सरपंचबाईंनी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर आपले अधिकार दुसऱ्याच माणसाच्या नावे लिहून दिल्याची बातमी आली. शेत बटाईने द्यावं तशी पंचायत दिली होती! करारावर साक्षीदारांच्या सह्यासुद्धा होत्या.

खुद्द भोपाळमध्ये २९ जुलै २०२२ रोजी जिल्हा पंचायतीच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. लढत होती दोन बायकांमध्ये, रामकुंवर गुर्जर आणि रश्मी भार्गव. दूरदर्शनच्या पडद्यावर मात्र दिवसभर दिसले ते कार्यालयाबाहेरचे पुरुष: दोन्ही पक्षांचे बडे नेते, घोषणा, पोलिसांशी झटापट आणि त्या झटापटीच्या मध्यभागी दिग्विजय सिंह. अट्ठावीस वर्षांपूर्वी ज्यांच्या सरकारने ही दारं बायकांना उघडली, तेच त्या दाराशी लोटालोटी करताना दिसावेत, याला काय म्हणावं? भाजपच्या पाठिंब्याने रामकुंवर गुर्जर अध्यक्ष झाल्या. त्यांना आणि त्यांच्या प्रतिस्पर्धी बाईंना जिल्ह्याबद्दल काय म्हणायचं होतं, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

सरपंचपतीचं बळ कशात असतं हे पाहायचं तर भाषणांपेक्षा पैशाचा मार्ग पाहावा. पूर्वी पंचायतीचा पैसा धनादेशाने निघे आणि त्यावर सरपंच व सचिव दोघांच्या सह्या लागत. आता वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज या पोर्टलवरून थेट बँकेत जातो. सचिव देयक तयार करतो, सरपंच त्याला मंजुरी देते आणि दोघांच्या डिजिटल सह्या झाल्याशिवाय रक्कम हलत नाही. ही डिजिटल सही असते एका डोंगलमध्ये. पेनड्राइव्हएवढी वस्तू, संगणकाला लावायची, पासवर्ड टाकायचा, झालं काम. अंगठा उठवायला किंवा कागदावर सही करायला निदान बाई समोर असावी लागत असे. डोंगल खिशात घालून कोणीही जनपदच्या कार्यालयात जाऊ शकतो. सरपंच म्हणून नोंदवलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे, एवढं विचारलं तरी गावचा कारभार कोण चालवतो ते कळतं. बनवेगिरी थांबावी म्हणून आणलेल्या या यंत्राने बाईला खोलीबाहेर ठेवण्याची सोयच करून दिली. याचा विचार आज्ञावली लिहिणाऱ्यांनी केला असेल, असं वाटत नाही.

दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये भोपाळच्या जंबुरी मैदानावर सरपंचांचा मेळावा झाला. त्यात सरपंचाचं मानधन १,७५० रुपयांवरून ४,२५० रुपये करण्याची घोषणा झाली. महिन्याला एवढ्या पैशांत मजुरीवर जाणाऱ्या बाईने जनपदला खेपा घालायच्या, ग्रामसभा घ्यायच्या, इंजिनिअरच्या मागे लागायचं, पोर सांभाळायचं आणि आलेल्या पाहुण्यांना चहाही पाजायचा. निवडणुकीचा खर्च नवऱ्याने किंवा गावातल्या एखाद्या बड्या असामीने केलेला असतो, तो वसूल व्हायचाच असतो. शिवाय बनावट सरपंच फक्त बायकाच असतात हा समज चुकीचा आहे. राखीव जागेवर निवडून आलेला दलित किंवा आदिवासी पुरुष सरपंच जमीनदाराच्या ओसरीवर सह्या करतो, हे मध्य प्रदेशात जुनंच आहे. त्याच्यावर विनोद होत नाहीत, एवढाच फरक. आणि जिने ऐकायला नकार दिला तिची गत काय झाली? नव्वदच्या दशकाच्या शेवटी टीकमगढ जिल्ह्यातल्या एका दलित सरपंचबाईंना १५ ऑगस्टचा झेंडाही फडकवू दिला गेला नव्हता.

मध्येच एक वेगळी गोष्ट. २००० च्या सुमारास कटनीचं महापौरपद बायकांसाठी राखीव होतं आणि तिथल्या मतदारांनी पक्षांच्या उमेदवारांना बाजूला सारून कमला जान या तृतीयपंथी उमेदवाराला निवडून दिलं. न्यायालयाने ती निवड रद्द केली, कारण कायद्याच्या नजरेत त्या पुरुष होत्या. पुढे २००९ मध्ये सागरलाही असंच झालं, तिथल्या कमला बुआ यांचीही निवड टिकली नाही. तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला, तोवर दोघींची पदं जाऊन वर्षं लोटली होती.

कारभारातल्या बायकांच्या विषयावर भोपाळमध्ये बसून ज्यांनी सर्वात चिकाटीने काम केलं, त्या निर्मला बुच. मध्य प्रदेशाच्या पहिल्या महिला मुख्य सचिव. १९९१ ते १९९३ या काळात त्या पदावर होत्या, म्हणजे नवा पंचायत कायदा येऊ घातला होता तेव्हा प्रशासनाच्या शिखरावर एक बाई होती. निवृत्तीनंतर त्यांनी महिला चेतना मंच या भोपाळच्या संस्थेतून पंचायतीतल्या बायकांचा अभ्यास केला. २०१० मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या निवडून आलेल्या बायका बोलतात. या सगळ्या जणी म्हणजे कळसूत्री बाहुल्या, हे चित्र त्यांना मान्य नव्हतं. पहिल्या बैठकीत तोंड न उघडणारी बाई वर्षा-दोन वर्षांत कागद वाचून मागते, हे त्यांनी पाहिलं होतं.

पण त्यांचं मला सर्वात मोलाचं वाटणारं काम दोन अपत्यांच्या अटीवरचं आहे. मध्य प्रदेशाने नियम केला होता की २६ जानेवारी २००१ नंतर तिसरं मूल झालं तर पंचायतीचं पद जाईल. लोकसंख्येला आळा बसेल, पुढारी आदर्श घालून देतील, असा विचार. बुच यांच्या संस्थेने मध्य प्रदेशासह पाच राज्यांत जाऊन पाहिलं, तर भलतंच घडत होतं. पद वाचवण्यासाठी बायकांना गर्भपात करावे लागत होते, त्यातही गर्भ मुलीचा निघाला तर अधिक. पुरुष आपल्याच मुलाचं पितृत्व नाकारत होते, बायकोला माहेरी धाडत होते. तान्ही मुलं दत्तक देऊन टाकली जात होती. मुलं किती होऊ द्यायची हे जिच्या हातात नाही, तिचं पद त्यापायी जात होतं. ज्याच्या हातात आहे तो पळवाट शोधत होता. सर्वोच्च न्यायालयाने हरयाणातल्या अशाच अटीला २००३ मध्ये वैध ठरवलं. तरी मध्य प्रदेशाने २००५ मध्ये पंचायतींपुरती ती मागे घेतली. महाराष्ट्रात ती आजही आहे, आणि प्रगत म्हणवणाऱ्या आपल्या राज्यात तिच्याविरुद्ध ठोस आवाज क्वचितच ऐकू येतो. निर्मला बुच २०२३ मध्ये गेल्या.

भोपाळपासून थोड्याच अंतरावर बरखेडी अब्दुल्ला नावाचं गाव आहे. २०१५ मध्ये भक्ती शर्मा तिथल्या सरपंच झाल्या. वय पंचविशीचं, राज्यशास्त्राचं शिक्षण, काही काळ अमेरिकेत राहून परतलेल्या. गावात मुलगी जन्मली की झाडं लावायची आणि सरपंचाचं दोन महिन्यांचं मानधन तिच्या आईला द्यायचं, ही त्यांची योजना वर्तमानपत्रांतून देशभर गेली. अशा सरपंचांच्या बातम्या छापायला सोप्या असतात. इंग्रजी येतं, कॅमेऱ्यासमोर बोलता येतं. माझं लक्ष मात्र त्यांच्या शेजारच्या गावातल्या बाईकडे जातं. हिंदीसुद्धा अडखळत वाचणारी, पाच वर्षांत एक हातपंप, एक सिमेंटचा रस्ता आणि दहा-बारा विधवांची पेन्शन एवढं करून गेलेली. तिची बातमी होत नाही.

तिच्या कामाची मोजदाद मात्र झालेली आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि पुढे नोबेल मिळवलेल्या एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांतल्या पंचायती तपासल्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की सरपंचपद राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च होतो, कारण गावातल्या बायका पाण्याची तक्रार जास्त करतात. म्हणजे सरपंचपती धरूनसुद्धा पैशाची दिशा बदलते. बाई खुर्चीवर असली की दुसऱ्या बाया तिच्या दाराशी येतात, आणि ते नवऱ्याला थांबवता येत नाही.

याच अभ्यासकांच्या वर्तुळातून २००९ मध्ये आणखी एक निष्कर्ष आला. पंचायतीचं प्रमुखपद सलग दोन निवडणुकांत बायकांकडे राहिलं, तर पुढे त्या पंचायतीत अधिक बायका उभ्या राहतात आणि अधिक निवडूनही येतात. एका वेळेला तेवढा परिणाम दिसत नाही. पहिल्या बाईकडे गाव संशयाने बघतं, दुसऱ्या बाईकडे कामासाठी जातं. मुंबईचाही पुरावा आहे. रिखिल भवनानी यांनी महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका ताडून पाहिल्या. जो प्रभाग आधी बायकांसाठी राखीव होता, तो खुला झाल्यावर तिथे बाई निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट निघाली. पाचपट म्हणजे पुष्कळ वाटेल, पण मूळ आकडाच इतका लहान होता की पाचपट होऊनही बहुतेक जणी घरीच गेल्या.

त्या घरी जातात ते फिरत्या आरक्षणामुळे. निवडणूक जवळ आली की चिठ्ठ्या निघतात, कोणतं गाव कोणाकडे जाणार ते ठरतं. पाच वर्षांत जिने डोंगलचा पासवर्ड स्वतःकडे घ्यायला शिकून घेतलं, तिची जागा खुली होते. मग तिच्यामागे उभं राहायला गावातलं कोणी तयार नसतं, तिचा नवरा तर नाहीच, कारण आता तो स्वतः उभा राहू शकतो. त्याच वेळी शेजारच्या गावात कोरी पाटी घेऊन दुसरी बाई येते आणि पहिल्यापासून सुरुवात करते. सचिवाची मात्र बदली होईपर्यंत तिथेच नोकरी असते. पाच वर्षांची पाहुणी आणि मुरलेला सचिव यांच्यात कारभार कोणाच्या हाती राहणार, हे सांगायला अभ्यास नको. सरपंचपतीला तरी हटवायचं कसं? तिला दुसरी टर्म मिळण्याची शक्यता असेल तर ती भांडेल. एकाच टर्मसाठी घर मोडायला कोण तयार होईल?

घटनेतल्या २४३-ड या कलमात राखीव जागा आळीपाळीने फिरवण्याची तरतूद आहे. किती वर्षांनी फिरवायच्या, हे राज्यांवर सोडलं आहे. तमिळनाडूने पंचायतींत दोन टर्म, म्हणजे दहा वर्षांनी फिरवण्याची पद्धत ठेवली. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दर निवडणुकीला चिठ्ठी काढतात. यावर पुरुषांची तक्रार असते की दहा वर्षं जागा अडून राहील, आणि तक्रार अगदीच निराधार नाही. पण सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने १०६ वी घटनादुरुस्ती केली, तिच्यातली बारीक तरतूद वाचण्यासारखी आहे. लोकसभा आणि विधानसभेत बायकांसाठी राखीव होणाऱ्या जागा दर निवडणुकीला फिरणार नाहीत. मतदारसंघांची पुनर्रचना होईल तेव्हाच फिरतील. आमदारबाईंना मतदारसंघात जम बसवायला वेळ लागतो, हे संसदेला पटलेलं दिसतं. सरपंचबाईंनाही तो लागतो. तो द्यायला घटना बदलावी लागत नाही, भोपाळच्या किंवा मुंबईच्या विधानसभेतली एक दुरुस्ती पुरे.